अ‍ॅपच्या आधी रिचार्जचा विचार

नागपुरात राहून रामटेक-भिवापूरच्या आशाताईंसाठी आपण मोबाईल आरोग्य उपक्रम सुरू करीत आहात, याचा आनंद आहे; मात्र अनुदान संपल्यावर रिचार्ज कोण भरणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. युगांडात अशा प्रायोगिक प्रकल्पांची इतकी गर्दी झाली, की 2012 मध्ये आरोग्य मंत्रालयाने नवे प्रकल्प थांबवले. दक्षिण आफ्रिकेत 2014 मध्ये सुरू झालेले, गर्भवतींना मोबाईलवर आरोग्य-संदेश पाठवणारे ‘मॉमकनेक्ट’ मात्र आरोग्य खात्याचेच होते आणि साध्या फोनवरही चालत असे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे वही तशीच ठेवून वर अ‍ॅप लादणे. माझ्या पहिल्या प्रकल्पात एक आशाताई दिवसा वहीत आणि रात्री, स्वयंपाक आटोपल्यावर, तडकलेल्या काचेच्या फोनवर तीच नोंद पुन्हा करीत. 3 महिन्यांत फोन कपाटात गेला. सर्व्हर वगैरे सध्या राहू द्या. चार्जर बदलून देणारा माणूस आधी तालुक्यातच शोधा.