मोबाईलचे प्रारण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: मुलीसाठी फोन घ्यायचा आहे. एका फोनचा एसएआर ०.९ आणि दुसऱ्याचा १.३ वॅट प्रतिकिलो आहे. पहिलाच घ्यावा का? फोनच्या पाठीवर लावायचे प्रारणरोधक स्टिकर उपयोगी पडते का? ती फोन उशाखाली ठेवून झोपते, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर: एवढ्या फरकावरून फोनची निवड करू नये. फोनमधून निघणाऱ्या रेडिओलहरींची ऊर्जा शरीरातील ऊती किती वेगाने शोषून घेतात, हे एसएआर सांगतो. परंतु तो मोजताना फोन कमाल शक्तीवर चालवलेला असतो आणि रोजच्या वापरात बहुतेक वेळ तो त्याहून पुष्कळ कमी शक्तीवर चालतो. भारत आणि अमेरिकेत १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीने १.६, तर युरोपात १० ग्रॅम ऊतीवरील सरासरीने २ वॅट प्रतिकिलो अशी डोके व धडासाठीची मर्यादा आहे. तुमचे दोन्ही फोन तिच्या आत आहेत.

मुलीच्या शरीरापर्यंत खरोखर किती प्रारण पोहोचेल, हे त्या आकड्यापेक्षा सिग्नलवर आणि अंतरावर अधिक अवलंबून असते. टॉवरशी संपर्क सहज होत असेल तर फोन आपली शक्ती आपोआप कमी करतो आणि सिग्नल क्षीण असेल तर ती वाढवतो. म्हणूनच, टॉवरच्या भीतीने दूर राहणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण टॉवर लांब असला की कानाशी धरलेल्या फोनचे प्रारण वाढते. तळघरात, लिफ्टमध्ये किंवा सिग्नलची एखादीच रेघ दिसत असताना लांबलचक बोलणे टाळावे आणि तेवढ्यापुरता संदेश पाठवावा. बोलताना स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरला तर फोन डोक्यापासून हातभर दूर राहतो, आणि कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा हे अंतरच जास्त काम करते. ब्लूटूथ इअरफोनही चालेल. ४जी फोनची कमाल शक्ती सुमारे २०० मिलिवॅट असते, तर अशा इअरफोनची सहसा काही मिलिवॅटच असते.

स्टिकरवर मात्र पैसे घालवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. ते लहरी अडवत नसेल तर निरुपयोगी आहे आणि खरोखर अडवत असेल तर संपर्क टिकवण्यासाठी फोन आपली शक्ती आणखी वाढवेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना याबाबत सावध केलेले आहे. उशाखालचा फोन आजच बाहेर काढा, पण त्याचे मुख्य कारण वेगळे आहे: वापरात नसलेला फोन टॉवरशी अधूनमधून, क्षणभरच बोलतो, मात्र चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली कोंडला गेला तर तापतो, आणि झोपमोड होते ती निराळीच.

प्रश्न: मोबाईलच्या किरणोत्सर्गाने मेंदूचा कर्करोग होतो, हे खरे आहे का?

उत्तर: आधी शब्दाबद्दल. किरणोत्सर्ग हा शब्द युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रारणासाठी आहे, आणि तो मोबाईलला लावल्याने नाहक धास्ती वाढते. क्ष-किरण अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकू शकतात आणि त्यातूनच पेशींना कर्करोगाकडे नेणारी इजा होऊ शकते. मोबाईलच्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते. ऊती किंचित तापणे हा त्यांचा निश्चितपणे ज्ञात असलेला परिणाम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२बी’ म्हणजे ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवले, कारण उपलब्ध पुरावा मर्यादित होता. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात आला, यावरून त्या शब्दांचे वजन ओळखावे. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांमध्येही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. तरीही लहान मुलांच्या बाबतीत अंतर राखण्याची सवय लावावी, असे मला वाटते. त्यासाठी खर्च काहीच येत नाही.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर बसवला आहे. त्यांनी फोन वापरावा का?

उत्तर: वापरावा, मात्र फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा. तो छातीवरच्या खिशात ठेवू नये आणि पेसमेकर ज्या बाजूला असेल, त्याच्या विरुद्ध कानाला धरावा. काही नव्या फोनमध्ये चार्जिंगसाठी चुंबक बसवलेले असतात आणि जवळ आलेल्या चुंबकामुळे पेसमेकरच्या कामाची पद्धत तात्पुरती बदलू शकते, म्हणून त्यांच्याजवळचा फोन त्या प्रकारचा आहे का, हे पाहून डॉक्टरांना जरूर सांगावे.