बालपणीचा आघात आणि दारूचे व्यसन: आधी उपचार कशावर करावेत?

लहानपणी वडिलांची मारहाण सोसलेला आपला भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून दोनदा उपचार अर्धवट टाकून परत आला आहे आणि आता आधी दारू सोडवावी की आधी मनावरच्या आघाताकडे पाहावे, असे आपण विचारले आहे. समुपदेशक म्हणून माझे ठाम मत आहे, की दोन्हींचे उपचार एकत्रच व्हायला हवेत. मात्र त्यासाठी पहिल्याच आठवड्यात जुन्या जखमा उकरून काढण्याची गरज नसते.

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे हजारो प्रौढांच्या बालपणाविषयी झालेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. चार किंवा अधिक प्रकारचे क्लेशदायक अनुभव बालपणी आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट अधिक आढळला. रात्री दचकून जाग येऊ नये म्हणून जो पितो, त्याची दारू बंद झाली की दाबून ठेवलेल्या आठवणी उसळून वर येतात आणि त्याच सुमारास तो केंद्रातून निघून जातो. घरचे त्याला कच्च्या मनाचा ठरवतात, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून केंद्र निवडताना बारीकसारीक गोष्टी पाहाव्यात. रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला हात लावण्यापूर्वी विचारतात का, वॉर्डातले दिवे मालवण्याआधी सांगतात का, भिंतीला पाठ टेकून दाराकडे तोंड करून बसणाऱ्याला तसेच बसू देतात का? गाडी पाठवून माणसाला झोपेतून उचलून नेणारे केंद्र कृपया टाळावे; मारहाणीत वाढलेल्या माणसाला तो तोच जुना प्रसंग वाटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही आणि आपल्याला कोणते उपचार हवेत वा नकोत, हे त्याला आगाऊ लिहून ठेवता येते.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये, कारण फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. तातडीच्या सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. आणि दाखल करण्यापूर्वी, मागच्या दोन्ही वेळी तिथे नेमके काय सहन झाले नाही, हे भावालाच शांतपणे विचारावे. त्याची हरकत नसेल, तर ते नव्या समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सांगावे.