सूत्रकृमींचं म्हातारपण मोजायला बसताना

अगं, सगळ्या ऊती एकदम मोजायला जाऊ नकोस. सुरुवातीला फक्त घसा, म्हणजे फॅरिंक्स, घे. तो मायक्रोस्कोपखाली ठळक दिसतो आणि वय वाढलं की त्याच्या कडा धूसर होतात, आकार बिघडतो. नवख्या डोळ्यालाही कळतं. चेतापेशी उशिरापर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहतात, तिथं आत्ता डोकं घालू नकोस.

खरी गोम तापमानात आहे. आपला हा सूत्रकृमी, सी. एलिगन्स, २० अंशांवर साधारण २ ते ३ आठवडे जगतो. २५ अंशांवर लवकर म्हातारा होतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये कृमींची प्लेट टेबलावर राहिली, तर तू वय नाही, उन्हाळा मोजशील. इन्क्युबेटर हवाच. लाइट गेली की वेळ वहीत लिही.

हमखास होणाऱ्या चुका:

- पिल्लं मोठ्यांत मिसळतात. अंडी घालणं थांबेपर्यंत प्रौढांना रोज नव्या प्लेटवर हलव.
- मेलेल्या कृमीचा फोटो निघतो. मेल्यावर ऊती झपाट्यानं बिघडतात, म्हणून आधी डोक्याला हळूच स्पर्श करून हालचाल बघ, मगच लेव्हामिसोल, म्हणजे कृमी स्थिर करणारं औषध, घाल.
- दर फोटोला एक्स्पोजर बदलणं. नको!
- वय माहीत असताना फोटोतल्या बिघाडाला गुण देणं. फाइलींची नावं मैत्रिणीकडून बदलून घे. आपलं मन फार लबाड असतं.

फ्लोरेसन्सची, म्हणजे ठरावीक प्रकाशात चमकणाऱ्या खुणा बघायची, घाई नको. आतडं स्वतःच चमकतं, त्यातून खरा सिग्नल ओळखायला सराव लागतो. पहिल्या खेपेला प्रौढपणाचा २रा, ७वा आणि १२वा दिवस, दर वेळी वीसेक कृमी, एवढंच कर. फोटो दाखव, मग आतड्याकडे वळू.