कबरीपाशी मन कोरडे का राहिले?

प्रश्न : जेरुसलेममधील पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, म्हणजे येशूला जेथे पुरले असे मानतात तेथे, बराच वेळ रांगेत उभी राहिले, पण आत क्षणभरच थांबता आले आणि मन कोरडेच राहिले. माझी श्रद्धा उणी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ज्या वास्तूत सहा ख्रिस्ती पंथ आपापल्या वेळा आणि जागा जपतात, आणि जिच्या दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे असते, तेथील गर्दीत मन एकाग्र झाले नाही तर नवल नाही. शिवाय कबरीपाशी आलेल्या स्त्रियांना येशू येथे नाही, तो मेलेल्यांतून उठला आहे, असेच सांगण्यात आल्याचे लूक आपल्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चरित्रात) लिहितो. तेव्हा तेथे रितेपण जाणवणे, आमच्या मते, त्या वृत्तान्ताला धरूनच आहे. पुन्हा गेलात तर पहाटे दार उघडताच जा, आणि प्रवेशद्वाराजवळील अभिषेकशिलेपाशी (येशूचा देह दफनापूर्वी जिच्यावर ठेवला असे मानतात ती शिला), जेथे यात्रेकरू गुडघे टेकून दगडावर रुमाल फिरवतात, आधी निवांत प्रार्थना करा.