नाल्याचे दोन तुकडे, सव्वासहाशे किलोमीटर लांब

प्रश्न (नेर, जि. यवतमाळ): नाला खोलीकरणासाठी दोन टीमनी डीजीपीएसने (उपग्रहांवरून अचूक जागा मोजणाऱ्या यंत्राने) सर्व्हे केला. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्यावर यवतमाळकडचा तुकडा सव्वासहाशे किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडतो. मूव्ह करून जोडला, तरी पुढे नाला जुळत नाही. कोणाचे मोजमाप चुकले?

उत्तर: मोजमाप बहुधा कोणाचेच चुकलेले नाही. टीमनी झोन वेगवेगळे लावले आहेत. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगण्याची पद्धत. तिच्या 43 आणि 44 या झोनची हद्द म्हणजे 78 अंश पूर्व रेखांश, आणि ती नेर व यवतमाळच्या मधून जाते. अकोला, वाशीम, अमरावती शहर 43 मध्ये, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर 44 मध्ये. तुमच्या भागात हद्दीवरच्या एकाच खुंटीचे ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) 43 मध्ये सुमारे 8,13,000 मीटर येते आणि 44 मध्ये सुमारे 1,87,000. फरक 626 किलोमीटरचा.

नुसते मूव्ह करून भागत नाही, कारण तुकडा सरकलेला आहे तसा फिरलेलाही आहे. 43 ची ग्रिड (उभ्या-आडव्या रेषांची जाळी) 75 अंशांच्या रेखांशाला धरून असते, 44 ची 81 अंशांच्या. हद्दीवर दोन्हींची उत्तर खऱ्या उत्तरेपासून साधारण एकेक अंश विरुद्ध बाजूंना झुकते. एकूण फरक दोन अंशांहून थोडा जास्त, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे 36 मीटर. नाला नेमका इथेच तुटतो.

मूळ सीएसव्ही (मोजलेल्या बिंदूंची तक्त्याची फाइल) हाताशी असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरा. 44 ची फाइल डिलिमिटेड टेक्स्ट लेयर म्हणून उघडताना ईपीएसजी 32644 (झोन 44 चा कोड) निवडा. मग एक्स्पोर्ट करताना ईपीएसजी 32643 (झोन 43 चा कोड) द्या आणि जॉमेट्रीत एएस_एक्सवाय ठेवा, म्हणजे नवे एक्स-वाय कॉलम येतात. नव्या फाइलमध्ये जुने ईस्टिंग-नॉर्दिंगचे (नॉर्दिंग म्हणजे उत्तरेकडचे अंतर) कॉलमही तसेच राहतात. ते काढून टाका, नाहीतर कॅडमध्ये पुन्हा तेच बिंदू येतील. फक्त ड्रॉइंग असेल तर दोन्ही टीमनी घेतलेल्या, एकमेकींपासून शक्य तितक्या लांबच्या दोन खुंट्या धरून अलाइन कमांड द्या, स्केल विचारल्यावर ‘नो’ म्हणा आणि तिसऱ्या खुंटीवर तपासा. तिसरी खुंटी जुळल्याशिवाय पुढचे काम करू नका.

झोनच्या हद्दीवर ग्रिडवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला साधारण पाऊण मीटर जास्त भरते, हेही ध्यानात असू द्या. चेनेज (नाल्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) टेपने तपासणारा माणूस हा फरक काढणारच. ड्रॉइंग मीटरमध्येच ठेवा. नॉर्दिंग 22 लाखांच्या पुढे असते. त्याचे मिलिमीटर केले की आकडे दोन अब्जांवर जातात, हॅच (आकारातली रेघांची भरण) फुटते आणि कमानी वेड्यावाकड्या दिसतात.

प्रश्न (कारंजा, जि. वाशीम): पेरणी यंत्राचा एल-ब्रॅकेट 3 मिमी पत्र्यातून बाहेरून 50 × 50 हवा होता. 100 मिमीची पट्टी कापून वाकवली, तर भोके सरकली आणि बाजूही मोठ्या आल्या. शिवाय एकदा प्लाझ्मा मशीनने पत्रा कापणाऱ्याकडे पार्ट 25.4 पट मोठा उघडला.

उत्तर: वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. आतली त्रिज्या 3 मिमी आणि के-फॅक्टर (न ताणली जाणारी, न दबणारी रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) 0.44 धरला तर बेंडमध्ये 1.571 × (3 + 0.44 × 3) = 6.8 मिमी पत्रा जातो. सरळ भाग 44 + 44. पट्टी 94.8 मिमीची हवी होती, तुम्ही 5.2 मिमी जास्त दिली. पण 0.44 हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. त्याच पत्र्याची नेमकी 100 मिमी पट्टी त्याच डायवर (वाकवण्याच्या साच्यावर) वाकवा आणि दोन्ही बाहेरच्या बाजू व्हर्नियरने मोजा. बेरीज 100 पेक्षा जितकी जास्त, तितकी वजावट दर बेंडला करा. डाय किंवा जाडी बदलली की चाचणी पुन्हा घ्या.

25.4 पट म्हणजे मिलिमीटरची फाइल इंचात उघडली. डीएक्सएफ (कापणाऱ्याला द्यायची ड्रॉइंगची फाइल) देण्याआधी ऑटोकॅडमध्ये इन्सयुनिट्स 4, म्हणजे मिलिमीटर, करा आणि एका बाजूचे माप तोंडी कळवा. ओव्हरकिल कमांड चालवून एकावर एक आलेल्या रेषा काढा, नाहीतर मशीन तीच कड दोनदा कापेल. बाह्यरेषा पीएडिट कमांडने जोडून बंद करा.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): लाइन गेली की ऑटोकॅडमधले काम जाते.

उत्तर: सेव्हटाइम 5 करा, म्हणजे दर पाच मिनिटांनी ड्रॉइंगची प्रत आपोआप साठवली जाईल. लाइन आल्यावर आधी सेव्हफाइलपाथच्या फोल्डरमधली एसव्ही$ फाइल दुसरीकडे कॉपी करून घ्या, तिचे एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी करा, रिकव्हर कमांडने उघडा आणि फाइलमधल्या चुका सुधारणारी ऑडिट कमांड चालवा. ड्रॉइंग नीट बंद केले की ही फाइल आपोआप पुसली जाते, म्हणून कॉपी आधी.