लादाइनीतले चणे आणि आदामाची फासळी

प्रश्न : नमस्कार ताई. मी मूळची सावंतवाडीकडची, ख्रिश्चन, शाळा सगळी मराठीत झाली, लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. घरात कोंकणी चालते, मुलं इंग्लिश झाडतात, पण बायबल मी अजून मराठीतच वाचते कारण प्रार्थना मला मराठीतच सुचते. मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादाइन होती, सगळ्यांनी जमून म्हणायची प्रार्थना. लादाइन संपली, उकडलेले चणे वाटायला घेतले तर त्यात मीठच नाही. मी म्हटलं कोणीतरी जरा आत जाऊन मीठ आणा, तर आमचे तीयू, म्हणजे मिस्टरांचे काका, हातात फेणीचा ग्लास, सगळ्यांसमोर म्हणाले, "तूंच वच गो, एवेक देवान कित्याक रचली? आदांवाक मजत करुंक." म्हणजे तूच जा, हव्वेला देवाने कशाला घडवली, आदामाला मदत करायला. सगळे हसले, मीपण हसले आणि गेले मीठ आणायला. रात्री मुलगी, दहावीत आहे, विचारते मम्मा हे खरंच बायबलात आहे? मी उत्पत्ती, म्हणजे बायबलातलं पहिलं पुस्तक, काढून बघितलं तर आहे की! फासळीपासून केली, साहाय्यक म्हणून केली, आणि पुढे तो तुझ्यावर सत्ता चालवील असंही आहे. आता तिला काय सांगू, देवानेच तसं ठरवलंय म्हणून?
– एक वाचक, बार्देश (नाव छापू नये)

उत्तर : ताई, मी पाद्री नाही, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि शब्दांच्या मागे लागायची खोड आहे, तेवढंच माझं भांडवल. पण तुमच्या तीयूंची सगळी भिस्त एका शब्दावरच आहे म्हणून म्हटलं बघूया.

तुम्ही वाचलात तो दुसरा अध्याय. त्याच्या आधी पहिला आहे, तो लोक घाईत ओलांडतात. तिथे फासळी नाही, बाग नाही, साप नाही. सहाव्या दिवशी देव माणूस करतो, आपल्या प्रतिरूपाचा करतो, आणि नर व नारी अशी ती दोघं करतो. आशीर्वाद दोघांना, पृथ्वी सांभाळायचं काम दोघांना. एकाला देवाचं प्रतिरूप जास्त आणि दुसऱ्याला कमी असं त्यात कुठेही नाही. मुलीला आधी हे पान दाखवा.

आता साहाय्यक. आपल्याकडे मदतनीस म्हटलं की अंगणवाडीतली मदतनीस डोळ्यासमोर येते, सेविकेच्या हाताखालची, खिचडी ढवळणारी. मूळ हिब्रूत शब्द आहे एझेर, आणि गंमत अशी की जुन्या करारात हा शब्द बहुतेक वेळा वापरलाय तो देवासाठी! स्तोत्रसंहितेतलं १२१ वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल, मी डोंगरांकडे डोळे लावतो, मला साहाय्य कुठून येईल, तर परमेश्वराकडून, तिथे हाच शब्द. मोशेच्या मुलाचं नाव अलियेजर, म्हणजे माझा देव साहाय्य आहे, त्यातही हाच. मग एझेर म्हणजे हाताखालची असा अर्थ लावायचा तर देवही माणसाच्या हाताखाली गेला, तोच जाऊन मीठ आणेल. हे तीयूंना परवडणार आहे का विचारा.

त्या शब्दाला जोडून दुसरा शब्द येतो, केनेग्दो. आपल्या मराठीत त्याचं 'अनुरूप' होतं, तेही चूक नाही, पण त्यात 'समोर' हा अर्थ आहे, समोरासमोर उभा राहणारा, डोळ्याला डोळा भिडवणारा. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात या दोन शब्दांवर एक भारी कोटी आहे, नवरा लायक असला तर बायको त्याला साहाय्य आणि नसला तर समोर उभी, विरोधात. मला हे फार आवडतं. खुरसाकडे तुम्ही हसून मीठ आणायला गेलात ना, तिथे अर्धा शब्द वापरला गेला, दुसरा अर्धा तुमच्याकडे शिल्लक आहे.

फासळीचंही तसंच. त्सेला हा मूळ शब्द. बायबलात इतर ठिकाणी तो येतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा बाजू असा असतो, कराराच्या कोशाची, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीची, बाजू जिथे दांडे घालायच्या कड्या बसवल्या, देवळाच्या बाजूच्या खोल्या वगैरे. म्हणून ज्यूंच्या जुन्या टीकांमध्ये एक मत असंही आहे की पहिला माणूस एकच होता, दोन तोंडांचा, दोन्ही बाजूंनी जोडलेला, आणि देवाने त्याला मधोमध चिरून दोघांना वेगळं केलं. हे वाचल्यावर आपल्या मनात लगेच अर्धनारीनटेश्वर येतो, तशी सरमिसळ मी करणार नाही, ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी. पण नारळ फोडल्यावर त्याची दोन भकलं होतात, एकाला डोळे असतात आणि एकाला नसतात, तरी डोळेवालं भकल म्हणजे नारळ आणि दुसरं त्याच्यातून काढलेलं असं आपण म्हणत नाही, आणि किसणीवर गेल्यावर खोबरं दोन्हीकडून सारखंच पडतं.

असे शब्द मुळातून तपासायचे तर मूळ भाषा यायला हवी आणि इथे आपल्या मराठीला अभिमान वाटावा असं एक नाव आहे. पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक पुरं छापून झालं १९२४ मध्ये. खिळे जुळवणं, छपाई, ही कामंही तिथल्या बायकाच करायच्या, ज्यातल्या कित्येकींना बाहेरच्या जगाने टाकून दिलं होतं. तुमच्या मुलीला सांगा, बाईने बायबलाचा अर्थ लावायचा नसतो असं कोणी म्हटलं तर हे नाव घ्यायचं. आणि गोव्यापुरतं बोलायचं तर आदाम-हव्वेची ही गोष्ट मराठी ओव्यांत आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच आली, फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राशोलला छापलं १६१६ मध्ये. म्हणजे मराठीत बायबल वाचणाऱ्या तुम्ही काही इथे उपऱ्या नाही.

आता खरा अडचणीचा भाग, तो तुझ्यावर सत्ता चालवील. हे वाक्य आहे, ते खोडता येत नाही आणि खोडूही नये. पण ते कुठे आहे ते बघा. तिसऱ्या अध्यायात, देवाने मना केलेलं फळ खाऊन झाल्यावर, सगळं बिघडल्यावर. देव तिथे एकेकाला पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगतोय. बाईला बाळंतपणाच्या वेदना आणि नवऱ्याची सत्ता, पुरुषाला काटेकुसळं उगवणारी जमीन आणि घामाची भाकरी. हे सगळं एकाच यादीत आहे हो! सृष्टी चांगली आहे असं देव म्हणाला त्या यादीत ते नाही, बिघाडाच्या यादीत आहे.

आता मला सांगा, तुमचे तीयू पाऊस सरला की ग्रास कटरवाल्याला बोलावतात की नाही? आमच्याकडे तर ऑक्टोबर लागला की वाड्यावर सकाळपासून ती घर्रघर्र सुरू होते, लाजाळूचे काटे, रान, सगळं भुईसपाट, आणि वर पेट्रोलचे पैसे वेगळे मागतो तो. काटेकुसळं उगवतील असं देवानेच सांगितलंय मग कशाला कापता, असं कधी कोणी म्हटलंय? घामावर पंखा चालतो, एसी चालतो. बाळंतपणाच्या वेदनेवर मात्र लोकांनी खरंच हरकत घेतली होती. १८४७ मध्ये एडिनबरोच्या डॉक्टर जेम्स सिम्पसननी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली तेव्हा काही लोक हेच वचन घेऊन उठले, की वेदना देवाने दिल्यात, तुम्ही कोण काढणारे. सिम्पसन पण खमका, त्याने उत्पत्तीच काढून दाखवली की फासळी काढण्याआधी देवाने आदामाला गाढ झोप आणली होती, म्हणजे ऑपरेशनआधी भूल देणं देवालाच मान्य! आज बाळंतिणीला वेदनेचं इंजेक्शन देताना कोणी बायबल मध्ये आणत नाही. म्हणजे यादीतल्या काट्यांवर मशीन, घामावर एसी, कळांवर इंजेक्शन, आणि नवऱ्याची सत्ता तेवढी देवाची आज्ञा म्हणून जपून ठेवायची, हे मला नाही पटत बाई.

आणि हे काही फक्त माझ्यासारखीचं मत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर एक पत्र काढलं, मुलिएरिस डिग्निटातेम नावाचं, त्यात हाच मुद्दा आहे की ही सत्ता पापातून आली, तिने मुळातली बरोबरी मोडली, आणि नवरा-बायकोने एकमेकांच्या अधीन राहायचं असतं, एकतर्फी नाही. तीयूंना माझं नाव नका सांगू, पोपचं सांगा.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मुलीला कोणीतरी उद्या कोपऱ्यात गाठेल. बायबलातच प्रेषित पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईने पुरुषावर अधिकार चालवू नये असं आहे आणि कारण दिलंय की आधी आदाम घडला मग हव्वा. त्यावरून आजही चर्चेसमध्ये दोन तट आहेत, कॅथलिक चर्चमध्ये बाईला पाद्री होता येत नाही हेही आहेच. पण करिंथच्या पत्रात पौल स्वतःच म्हणतो की बाई पुरुषातून आली तसा पुरुष बाईच्या पोटी येतो आणि सगळंच देवापासून. आणि आधी आला तो मोठा हा हिशोब पहिल्या अध्यायाला लावला तर माणसाच्या आधी गुरंढोरं झालीत, म्हणजे गोठ्यात जाऊन म्हशीला तियूमाय म्हणावं लागेल.

अजून एक, हे तर हटकून मुलीला दाखवा. फासळीच्या गोष्टीच्या शेवटी लिहिलंय की म्हणून पुरुष आपल्या आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील. पुरुष सोडेल! बायबलाच्या काळातही मुलगीच सासरी जायची, आपल्याकडेही सावंतवाडी सोडून बार्देशात आलात त्या तुम्हीच, तरी गोष्ट सांगणारा उलटं सांगतोय. कॅथलिक लग्नात वाचायच्या पाठांमध्ये हा उतारा असतो, कित्येक लग्नांत मी ऐकलाय, एकाही नवऱ्यामुलाच्या आईला दचकताना बघितलं नाही.

थोडं विषयांतर. आपल्या गोव्याच्या कायद्याची पण अशीच गोष्ट आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, इथे १८७० पासून लागू, हिंदू-ख्रिश्चन-मुसलमान सगळ्यांना. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता निम्मी निम्मी. आम्ही पेडण्यातला काजूचा तुकडा विकला तेव्हा मिस्टरांच्या सहीशेजारी माझी सही लागली, सब रजिस्ट्रारसमोर अंगठा, फोटो, सगळं, माझ्यावाचून कागद हलला नसता. पण त्याच कोडात लिहिलंय की मालकी दोघांची आणि कारभार नवऱ्याने बघायचा. वाचलं तेव्हा मला थेट उत्पत्तीच आठवली, पहिल्या अध्यायात दोघांच्या नावे पृथ्वी आणि तिसऱ्यात कारभारी एकटा. फरक इतकाच की बायबल त्याला बिघाड म्हणतं आणि कोडाने तो कलम करून टाकला.

प्रश्न : आमच्या कीर्तनात काय आणि त्यांच्या बायबलात काय, शेवटी मोहात पडते ती बाईच. सफरचंद हव्वेनेच तोडलं, तिनेच नवऱ्याला भरवलं. मग दोष तिचाच ना?
– एक ज्येष्ठ वाचक, फोंडा

उत्तर : काका, सफरचंद बायबलात नाहीच, नुसतं फळ आहे. सफरचंद आलं ते युरोपातून, लॅटिनमध्ये वाईटाला आणि सफरचंदाला जवळजवळ एकच शब्द आहे, मालुम, त्याचाही त्यात हात असावा.

तोडलं तिनेच, बरोबर. पण तिने आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्याला दिलं असं मूळ हिब्रूत स्पष्ट आहे, म्हणजे हा गृहस्थ तिथेच उभा होता, तोंडाला कुलूप लावून. संत जेरोमने बायबलाचं लॅटिन भाषांतर केलं त्यात हे 'बरोबर असलेल्या' गळालं आणि मग शेकडो वर्षं लोकांना वाटत राहिलं की आदाम बिचारा शेतावर होता, हिने घरी आल्यावर डब्यात घालून दिलं. शिवाय साप बोलतो तो अनेकवचनात, तुम्ही दोघं अशा अर्थाने. आता मराठीत घोळ असा की 'तुम्ही' आदरार्थीही असतं, त्यामुळे मराठी वाचताना वाटतं साप हव्वेला अहो-जाहो करतोय! आणि फळ खाऊ नका ही ताकीद देवाने दिली ती आदामाला, हव्वा तेव्हा घडलीही नव्हती. पकडला गेल्यावर आदाम काय म्हणतो बघा, तू मला जी बाई दिलीस तिने दिलं. एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. ती निदान सापाने फसवलं आणि मी खाल्लं एवढं सरळ सांगते. तुमच्या कीर्तनातल्या बायांबद्दल पुढच्या अंकात भांडू.

प्रश्न : पुरुषाला एका बाजूची फासळी खरंच कमी असते का? शाळेत पैज लागलीय.
– इयत्ता सातवी, डिचोली

उत्तर : पैज हरलास तर वडापाव तुझ्या खर्चाने. मुलगा असो मुलगी असो, फासळ्या बारा जोड्या, एकूण २४, क्वचित कोणाला एखादी कमीजास्त असते पण त्याचा मुलगा-मुलगीशी संबंध नाही. हा गैरसमज इतका जुना की शरीराची चिरफाड करून पुस्तक लिहिणाऱ्या व्हेसालियसला १५४३ मध्ये मुद्दाम लिहावं लागलं की असं काही नसतं. आणि समज आदामाची एक काढलीच, तरी पुढे त्याच्या मुलांना ती का कमी पडेल? आमच्या शेजारच्या सुताराचं बोट करवतीत गेलं, त्याच्या पोरांना दहाच्या दहा बोटं आहेत, परवाच माझ्या आंब्याला दगड मारताना बघितली.