लस नाही तर शाळा नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गोवराच्या साथीबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, शाळेत जाणाऱ्या मुलांना लस सरकारने सक्तीची करावी का. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतेय.

प्रश्न : मी लसीच्या विरोधात नाहीये, दोन्ही मुलांना सगळे डोस वेळेवर दिलेत. पण माझ्या मुलाच्या दंडात काय टोचायचं हे सरकार ठरवणार म्हटलं की डोक्यात तिडीकच जाते. आणि माझ्या मुलांनी लस घेतलीय म्हणजे ती सेफ आहेत ना, मग शेजारच्या बाकावरच्या पोराने नाही घेतली तर त्यांचं काय बिघडणार आहे? – एक आई

उत्तर : ताई, राग येणारच, मुलाच्या अंगात सुई जाणार आणि निर्णय भलत्याच कुणाचा. पण तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गोवराच्या लसीचे दोन डोस झाले की शंभरातल्या साधारण ९७ मुलांना संरक्षण मिळतं, तिघांना मिळत नाही, आणि ते तिघं कोण हे कार्ड बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यात तुमचंही मूल असू शकतं. शिवाय काही मुलांना ही लस देताच येत नाही. रक्ताच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेलं मूल घ्या. बरं वाटायला लागलं की ते शाळेत येतं, औषधं मात्र पुढे महिनोन् महिने चालू असतात आणि गोवराची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे त्या काळात ती देत नाहीत. त्याच्या आईबापांनी आधी सगळे डोस दिलेले असले तरी ट्रीटमेंटमध्ये ती प्रतिकारशक्ती पार कमी झालेली असू शकते. हे मूल सुरक्षित राहायचं तर एकच मार्ग उरतो, आजूबाजूच्या मुलांना गोवर न होणं.

मग कुणी म्हणतं की आजारी मुलाला घरी ठेवलं की झालं. गोवरात तसं चालत नाही हो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल आजार पसरवत असतं, तेव्हा फक्त ताप-सर्दी-खोकला असतो, डोळे लाल दिसतात, घरचे समजतात साधं सर्दीपडसं आणि पाठवतात शाळेत. ते मूल वर्गातून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेली मुलं जवळपास असतील तर दहातल्या नऊ जणांना लागण होते. म्हणून गोवर थोपवायला ९५ टक्के मुलांना लस लागते म्हणतात, ८० टक्क्यांवर भागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयासमोर झेक प्रजासत्ताकातले पालक गेले होते, लस दिली नाही म्हणून एका बापाला दंड झाला होता आणि काही मुलांना बालवाडीत घेतलं नव्हतं. २०२१ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की हा खासगी आयुष्यातला हस्तक्षेप आहेच, पण लोकशाही समाजात तो समर्थनीय आहे, कारण ज्यांना लस घेता येत नाही त्यांच्यासाठी बाकीच्यांनी थोडासा धोका वाटून घेणं ही जबाबदारी आहे. मला हे पटतं. मूल तुमचं आहे यात वाद नाही, पण वर्ग सगळ्यांचा आहे.

प्रश्न : मी शाळेत शिकवतो. सक्तीने लोक उलट जास्त बिथरतात असं माझं मत आहे. स्वीडनमध्ये सक्ती नाही तरी तिथे जवळजवळ सगळी मुलं लस घेतात, मग समजावून सांगणं पुरेसं नाही का? – एक शिक्षक

उत्तर : सर, बिथरतात हे खरंय. इंग्लंडने १८५३ मध्ये देवीची लस तान्ह्या बाळांना सक्तीची केली, पुढे दंड वाढवले, दंड भरला नाही तर घरातलं सामान जप्त, नाहीतर तुरुंग. यात भरडले गेले ते मुख्यतः गरीब लोक. १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांचा मोर्चा निघाला आणि शेवटी १८९८ मध्ये सद्सद्विवेकाला पटत नसेल तर सूट, असं कलम घालावं लागलं. आज इंग्लंडमध्ये सक्ती नाही. पण तिथे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) दोन्ही डोस झालेल्यांचं प्रमाण २०२४ मध्ये ८५ टक्क्यांच्याही खाली होतं. म्हणजे सक्ती नसूनही स्वीडनचं छान चाललंय आणि सक्ती नसल्यावर इंग्लंडचं चालत नाहीये, तेव्हा एका देशाचं उदाहरण देऊन हा प्रश्न सुटत नाही.

कॅलिफोर्नियाचं बघा. २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला, त्यानंतर २०१५ मध्ये कायदा करून 'आमच्या विचारात बसत नाही' ही सूट काढून टाकली. बालवाडीत येणाऱ्या मुलांपैकी सगळ्या आवश्यक लसी झालेली मुलं २०१४-१५ मध्ये साधारण ९० टक्के होती, ती दोन वर्षांत ९५ टक्क्यांच्या वर गेली. पळवाटही लगेच निघाली, वैद्यकीय कारणाने दिलेल्या सवलती वाढल्या, काही डॉक्टर तर पैसे घेऊन असली सर्टिफिकेटं द्यायला लागले आणि २०१९ मध्ये कायदा पुन्हा घट्ट करावा लागला.

पण सर, सगळ्या चर्चेत एक गोष्ट हरवते आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. लस न झालेल्या मुलांचे आईबाप सगळे विरोधक नसतात. खूप जणांचं नुसतं राहून गेलेलं असतं. तुम्ही प्रवेशाच्या वेळी कार्डं हातात घेऊन बघत असाल तर ओळखीचं वाटेल, पहिल्या वर्षाच्या रकान्यांत तारखा, सह्या, शिक्के सगळं जागच्या जागी, आणि मग दुसऱ्या डोसची ओळ कोरी. तेव्हा बाळाला ताप होता, नंतर घर बदललं, आईला रजा मिळाली नाही, धाकट्याचा जन्म झाला. कुणी नकार दिलेला नाही, पण दुसरा डोस झालेला नाही एवढं खरं. अशा घरासाठी शाळेच्या प्रवेशाची तारीख ही सगळ्यात चांगली आठवण असते. मला सक्ती हवी आहे ती मुख्यतः यासाठी. नकारावर ठाम असलेल्यांना शिक्षा करायला म्हणून कायदा आणला तर लेस्टरची पुनरावृत्ती होईल.

आणि मुलाला शाळेतून कायमचं काढायच्या मी पूर्ण विरोधात आहे. इटलीने २०१७ च्या कायद्यात दहा लसी सक्तीच्या केल्या तेव्हा लस नसलेल्या सहा वर्षांखालच्या मुलांना बालवाडीत प्रवेश बंद केला, पण पुढच्या वयाच्या मुलांची शाळा थांबवली नाही, तिथे पालकांना १०० ते ५०० युरो दंड ठेवला. पालकाच्या हट्टाची किंमत मुलाने शिक्षण गमावून का द्यायची? साथ चालू असेल तेवढे दिवस लस नसलेल्या मुलाला घरी ठेवणं वेगळं, तो त्याच्याच जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : सक्ती सरकार करणार, मग माझ्या मुलीला लसीने काही झालं तर सरकार जबाबदारी घेणार का? लसीमुळे ऑटिझम होतो असंही ऐकलंय. – एक वडील

उत्तर : दादा, ऑटिझमचं आधी संपवते. ती भीती १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी बारा मुलांवर लिहिलेल्या लेखातून पसरली, तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने गैरवर्तनाबद्दल त्यांचं डॉक्टर म्हणून नाव काढून टाकलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, एमएमआर घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

जबाबदारीचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि त्यावर सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशात जे झालं ते प्रत्येक सरकारने वाचावं. गोवराची लस पावडरच्या रूपात येते, टोचायच्या आधी त्यात दिलेलं पाणी मिसळायचं असतं. २०१८ च्या जुलैत तिथे दोन नर्सनी पाण्याऐवजी मुदत संपलेलं, स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं आणि दोन बाळं काही मिनिटांत गेली. लसीत दोष नव्हता, पण हे कळेपर्यंत लोकांचा विश्वास पार उडाला, सरकारने लसीकरण कित्येक महिने बंद ठेवलं आणि त्या वर्षी पहिला डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ मध्ये गोवर आला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात ५,७०० च्या वर केसेस आणि ८३ मृत्यू, त्यातले बहुतेक पाच वर्षांखालचे. मग लस सक्तीची झाली, शाळा बंद झाल्या, डिसेंबरात दोन दिवस सरकारी कामकाज थांबवून पथकं घरोघर फिरली, लस न झालेल्या घरांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं होतं. थोड्या आठवड्यांत प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे सरकारला जमत होतं, फक्त आधी केलं नाही. नर्सना पाच वर्षांची शिक्षा झाली, पण विश्वास परत मिळवायचं काम वरच्यांचं होतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, सक्तीआधी सरकारने स्वतःवर अटी घालून घ्याव्यात. लस फुकट हवी, जवळ हवी, कामावर जाणाऱ्या आईबापांना जमेल अशा वेळी हवी, काही झालं तर उघड चौकशी हवी, आणि खरंच इजा झाली तर कोर्टात वर्षानुवर्षं न फिरवता भरपाई हवी. जर्मनीने अशा भरपाईचा कायदा १९६१ मध्ये केला, अमेरिकेने १९८६ मध्ये. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसमागे एखाद्याला होते, पण तो एखादा ज्यांच्या घरातला असतो त्यांना आकडा सांगून भागत नाही, आणि त्यांनी तो धोका सगळ्यांसाठी घेतलेला असतो.

प्रश्न : मग सगळ्याच लसी सक्तीच्या करायच्या का?

उत्तर : नाही. धनुर्वाताची लस मी प्रत्येक मुलाला द्यायला सांगेन, पण धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा वर्गातल्या इतरांचं कारण तिथे लागू होत नाही. गोवर, रुबेला, पोलिओ, घटसर्प यांना लागू होतं. व्यवहारात धनुर्वात-घटसर्पाची लस एकत्रच मिळते, त्यामुळे फरक फारसा जाणवत नाही, पण कायदा लिहिताना यादी छोटी ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे कारण द्यावं.

प्रश्न : मुलीचं कार्ड हरवलंय, पुढच्या महिन्यात प्रवेश आहे. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

उत्तर : जिथे डोस दिले तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, आधी तिथे विचारा. नोंद सापडली आणि मधला डोस राहिलेला निघाला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, जिथे थांबलंय तिथून पुढे देतात. नोंद सापडलीच नाही तर गोवर-रुबेलाचा एखादा डोस जास्त झाल्याने मुलीला अपाय होत नाही, डॉक्टर नव्याने देतील. दोन डोसमध्ये किमान चार आठवडे अंतर लागतं, म्हणून प्रवेशाच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जाऊन या.